इस्त्री केलेला पासपोर्ट

तीर्थरूप वन्संना तुमच्या एकुलत्या एक भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. कंबरेने गेल्या वर्षीपासून वाकायला साफ नकार दिलाय, तेव्हा बसल्या खुर्चीवरून मानेनेच केलाय, तो पोचला असं समजावं.) इकडे सगळी खुशाल. इस्त्रीचं दुकान चालू आहे, चिरंजीवांचं पोट दोन बोटं पुढे आलंय, आणि माझे दोन्ही गुडघे आपापल्या जागी असून एकमेकांशी बोलत नाहीत. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायची रीत, म्हणून विचारते. खरं तर तुमच्या लेकीने मला फोनवर सगळं सांगितलंय. उजवा डोळा तर दहा वर्षांपूर्वीच गेला. आता उरलेल्या डाव्यात मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टरने पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारची तारीख दिलीय, ती हुकली तर पुन्हा नंबर लागायला सहा-आठ महिने, आणि तोवर तो मोतीबिंदू वाळक्या वाटाण्यासारखा घट्ट होऊन बसेल. हे सगळं कळूनही तुम्ही म्हणताय, आधी तिला डोळे भरून बघीन, मगच डोळ्याला हात लावू देईन. तिला म्हणजे मला. वन्सं, चाळीस वर्षं माझा चेहरा इस्त्रीच्या टेबलापलीकडे तुमच्या समोर होता, तेव्हा तुम्ही माझ्या घड्यांशिवाय कशाकडे बघितलं नाहीत. आता सीमेपलीकडे लेकीकडे राहायला गेल्यावर अचानक त्या चेहऱ्यात एवढं काय निघालं?

पत्र पाठवायचं कारण, तुम्ही फोन घेत नाही. लेकीने फोन हातात दिला की तुम्ही तो गार चहाचा कप परत करावा तसा परत करता, असं ऐकलं. पत्राचं तसं नाही. ते आपटता येत नाही, मध्येच तोडताही येत नाही. मी सांगते, सूनबाई लिहून घेते, तिकडे तुमची लेक वाचून दाखवणार. मधल्या दोघी शिकलेल्या आहेत त्यामुळे आपलं भांडण स्वच्छ अक्षरात होईल. (सूनबाईचं अक्षर चांगलं आहे. हे तिने लिहायला नको म्हटलं, मी म्हटलं लिही. आता चांगलं आहे असं लिहिलंय की नाही कोण जाणे.)

तर आता त्या दिवसाचं. तुम्ही लेकीच्या गाडीत, सीमेच्या तुमच्या बाजूला जिथे गाड्या लावतात तिथे, सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत बसून राहिलात आणि मी आलेच नाही. तुमचा समज असा झालाय की मला यायचंच नव्हतं. "तिला दुकान सुटत नाही, कारणं सांगायला काय जातंय," असं म्हणालात म्हणे. वन्सं, मी आले होते. तुमच्यात आणि माझ्यात एक हॉल, दोन काचेची दारं आणि एक बाई, एवढंच अंतर होतं. पुढचं नीट ऐका, मध्ये बोलू नका.

सुरुवात झाली ती चिरंजीवांच्या एका वाक्याने. तो म्हणाला, "आई, आत्याकडे जायला आता व्हिसा लागत नाही." मी म्हटलं चला, सुटलो. मला वाटलं, नको म्हणजे काहीच नको. शेजारी कात्री मागायला जावं तशी पायांत चपला अडकवून निघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून मी दारात उभी, तर तो म्हणतो कुठे निघालीस, पासपोर्ट कुठाय? मी म्हटलं, तूच म्हणालास काही लागत नाही. तो म्हणाला, "व्हिसा लागत नाही, बाकी सगळं लागतं." आता बोला. ज्या लग्नाला आमंत्रण लागत नाही त्या लग्नात दारावर एवढी चौकशी का, हे मला अजून कळलेलं नाही. (सूनबाई म्हणते तिलाही कळलेलं नाही, ती फक्त लिहून घेते.)

मग सूनबाईने मोबाइलवरून नियम वाचायला घेतले. पहिला नियम, पासपोर्टचं आयुष्य निदान सहा महिने शिल्लक हवं. माझ्या आयुष्याचं कुणी विचारलं नाही, पासपोर्टचं तेवढं विचारतात. ते होतं. मागे चिरंजीवांनी हौसेने काढून दिला होता, तो कपाटात कपड्यांखाली पडून होता. दुसरा नियम, पासपोर्टात दोन पानं कोरी हवीत. माझा सगळाच कोरा. जन्मात पहिल्यांदा माझं कोरं असणं कुणाच्या तरी पसंतीस उतरलं. तिसरा नियम, नव्वद दिवस राहता येतं, पण एकशे ऐंशी दिवसांत मिळून नव्वद, आणि ते एकशे ऐंशी रोज पुढे सरकत जातात. हे सूनबाईने मला तीनदा समजावलं, दुसऱ्या वेळेला मला कळलं होतं, तिसऱ्या वेळेला पुन्हा गेलं. मी म्हटलं, जाऊ दे, आम्ही दोघी नवव्या दिवशी भांडणार, दहाव्या दिवशी मी परत, हिशेब कशाला? चौथा नियम मात्र मला पटला. जाण्याआधी परत येण्याचं तिकीट दाखवायचं. वन्सं, तुमच्याकडे जाताना परतीची तयारी करूनच निघावं लागतं हे मला नवी नवरी होते तेव्हापासून माहीत आहे. सरकारला आत्ता कळलं.

एवढ्यावर भागलं असतं, पण चिरंजीवांनी खालच्या घड्याळवाल्याला वर बोलावलं. याला आम्ही घरात जगप्रवासी म्हणतो. हा बारा वर्षांपूर्वी एकदा चार दिवस परदेशात राहून आला आणि तेव्हापासून तो तिथून परत आलेला नाही. घड्याळाचा सेल बदलायला गेलात तरी तो तिथल्या विमानतळावरचा सरकता जिना सांगतो. त्याने मला पाहिलं आणि मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी. म्हणाला, आजींची तालीम घ्यावी लागेल. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या दुकानात तो काउंटरच्या काचेमागे बसला, डोळ्याला ते घड्याळ बघायचं भिंग लावलं आणि मला उभं करून प्रश्न विचारायला लागला. किती दिवस राहणार? मी म्हटलं, ते वन्संच्या स्वभावावर. तो म्हणाला, नापास. कशासाठी चाललात? मी म्हटलं, एका हट्टी बाईची समजूत काढायला. नापास. ओळखीचं कोण आहे तिकडे? मी म्हटलं, ओळखीचं कसलं, अजून ओळख पटायचीच आहे. तो भिंग काढून म्हणाला, आजी, विचारलं तेवढंच सांगायचं, हसायचं नाही, आणि हात हलवून बोलायचं नाही. मी म्हटलं, मग मी जाऊन उपयोग काय, माझा फोटोच पाठवा. (फोटोचं पुढे येणारच आहे.) तेवढ्यात एक गिऱ्हाईक गजराचं घड्याळ घेऊन आलं, त्यालाही त्याने सवयीने विचारलं, किती दिवस राहणार?

मग तो फॉर्म. हा फॉर्म मोबाइलवर भरायचा, आणि तोही पोचण्याआधी तीन दिवसांच्या आत. चार दिवस आधी भरला तर घेत नाहीत, पोचल्यावर भरला तर उशीर झाला. म्हणजे उतावळेपणाही नको आणि आळसही नको. अशी सून शोधायला निघालं तर जन्म जाईल. (सूनबाईने लेखणी खाली ठेवली होती. आता उचलली.) त्यात प्रवासाचं कारण विचारलं होतं आणि खाली पाच उत्तरं आधीच लिहून ठेवलेली, पर्यटन, व्यवसाय, शिक्षण, उपचार, इतर. मी म्हटलं "इतर" वर खूण कर. चिरंजीव म्हणाले, इतर लिहिलं की शंका येते, सगळे पर्यटन लिहितात. मी म्हटलं, मी कसलं पर्यटन करणार? तो म्हणाला, आत्याला बघायलाच चाललीस ना, बघणं म्हणजे पर्यटनच. घातली खूण. शेवटी काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन आला, तो कागदावर छापून घेतला. मी आपली सवयीने बघते तर मला वाटलं शाई सांडली, डाग निघतो का म्हणून नखाने खरवडून पाहिलं. सूनबाई किंचाळली. पुन्हा छापला.

आता मुख्य गोष्ट. ही सांगताना मी मान खाली घातली आहे असं समजा, पण पूर्ण नाही, कारण यात अर्धा दोष तुमचा आहे. मी या घरात आले त्या आठवड्यात तुम्ही मला टेबलापाशी उभं करून सांगितलं होतं, "या घरातून चुणी पडलेली वस्तू उंबऱ्याबाहेर जायची नाही. लोक आपल्या दुकानाकडे बघत नाहीत, आपल्याकडे बघतात." आठवतं? विसरायचा प्रश्नच नाही, वर्षातून दहा वेळा सांगत होतात. तेव्हापासून या घरातून मुलांचं प्रगतिपुस्तक इस्त्री होऊन गेलं, लग्नपत्रिका गेल्या, डॉक्टरची चिठ्ठी गेली. तुमच्या भावाने एकदा कोर्टातला कागद इस्त्री करून नेला, तेव्हा वकील म्हणाला, एवढा स्वच्छ पुरावा मी पाहिला नाही. तर तो पासपोर्ट कपाटात कपड्यांच्या ढिगाखाली वर्षानुवर्षं दबून कुत्र्याच्या कानासारखा दुमडला होता. तो तसाच तुमच्या देशाच्या खिडकीत ठेवायचा? त्या बाईने काय म्हटलं असतं, इस्त्रीवाल्यांच्या घरचा पासपोर्ट बघा. मला ते सहन होईना. दुपारी सगळे जेवून पडले होते. मी घेतलं ओलं फडकं, घातलं त्यावर, आच ठेवली रेशमाची, आणि दाबून चार हात फिरवले. मग उलटून चार.

वन्सं, बाहेरून तो असा झाला की बघत राहावं. कोपरे ताठ, कडा सरळ, तुमच्या हातचा वाटावा. आतल्या फोटोच्या पानावर मात्र प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नियमांच्या यादीत सहा महिने होते, कोरी पानं होती, पण इस्त्री करू नये असं कुठेच नव्हतं, सूनबाईला पुन्हा वाचायला लावून खात्री करून घेतली आहे. तो पापुद्रा जरा फुगला. एका गालाखाली हवा गेली, एक डोळा किंचित वर चढला. पण दुसरी बाजू बघा, कपाळावरच्या आणि मानेवरच्या सगळ्या सुरकुत्या गेल्या. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कपड्यांच्या घालवल्या, त्या दिवशी माझ्या स्वतःच्या गेल्या. मी म्हटलं बरं झालं, वन्संनी मला शेवटचं पाहिलं त्यापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसते आहे. आणि पासपोर्ट पिशवीत ठेवून दिला. चिरंजीवांना काही बोलले नाही. (भीतीने नव्हे. विचारलं तेवढंच सांगायचं, असं जगप्रवाशाने शिकवलं होतं.)

त्या दिवशी बस वेळेवर निघाली. चिरंजीव सोबत. आपल्या बाजूच्या खिडकीतला माणूस फार प्रेमळ, त्याने पासपोर्ट उघडल्यासारखं केलं, शिक्का मारला, "या आजी" म्हणाला. त्याचं लक्ष सगळं शेजारच्या खिडकीतल्या माणसाशी बोलण्यात. अशी माणसं सगळीकडे असती तर जगात सीमाच राहिल्या नसत्या. मग बस पुढे गेली, आम्हाला सामानासकट उतरवलं आणि त्या हॉलमध्ये रांगेत उभं केलं. लांब हॉल, खाली राखाडी फरशी, तिच्यावर पिवळी रेघ. रेघेच्या मागे उभं राहायचं, बोलावलं की पुढे. मी चार वेळा पुढे गेले आणि चारही वेळा मागे पाठवलं, कारण बोलावत होते ते दुसऱ्या रेघेवरच्यांना. चिरंजीव आधी गेले, एका मिनिटात पार. तो पलीकडच्या दारापाशी जाऊन उभा राहिला आणि मला हाताने ये ये करत होता, जसं काही माझंच मन नव्हतं.

माझी पाळी आली. खिडकीवरची बाई तरुण, केस घट्ट बांधलेले, गणवेशाचा खांदा एका बाजूला चकाकत होता, म्हणजे फडकं न घालता इस्त्री केलेली. मी मनातल्या मनात त्यावर फडकं घातलं. तिने पासपोर्ट यंत्रावर ठेवला. यंत्र गप्प. पुन्हा ठेवला. लाल दिवा. तिने तो पुसला, फुंकर मारली, उलटा ठेवला. त्या पुठ्ठ्यात म्हणे एक टिकलीएवढं यंत्र असतं, त्यात माझी सगळी माहिती असते. असतं, म्हणजे होतं. रेशमाच्या आचेवर ते गेलं. मग ती म्हणाली, बोटं ठेवा काचेवर. ठेवली. यंत्र म्हणालं पुन्हा. पुन्हा ठेवली. ओली करून ठेवली, पुसून ठेवली, डाव्या हाताची ठेवली. वन्सं, तुमची काय नि माझी काय, आपली बोटं कधीच गुळगुळीत झालेली आहेत, तापलेल्या इस्त्रीखाली कापड ताणताना रेषा राहतात कुठे? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कागद म्हणतो ही ती नव्हे, आणि बोटं म्हणतात इथे कुणी उभंच नाही. मला स्वतःलाच क्षणभर शंका आली.

शेवटी तिने फोटोचं पान उघडलं. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. "या तुम्हीच का?" म्हणाली. मी म्हटलं, मीच, पण इस्त्री झाल्यावरची. ती हसली नाही. मग विचारलं, पर्यटनाला आलात, काय काय बघणार आहात? मी म्हटलं, नणंद. अजून काय बघणार? मी म्हटलं, मी नाही, तीच मला बघणार आहे, तिचा एकच डोळा उरलाय तर तो वाया जाऊ नये म्हणून आले. जगप्रवाशाने सांगितलं होतं कमी बोला. पण खरं सांगते वन्सं, मला तेवढं कमी जमत नाही. तिने फोन उचलला आणि मला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं.

त्या खोलीत एक बाक, पाण्याचं एक यंत्र, भिंतीवर घड्याळ आणि खिडकी नाही. दर थोड्या वेळाने कुणीतरी आत-बाहेर करायचं, तेव्हा दार उघडं राहायचं, आणि दारातून पलीकडचं काचेचं दार दिसायचं, आणि त्या दारातून बाहेरचं ऊन आणि उभ्या असलेल्या गाड्यांची एक रांग. त्यातली एक तुमची हे मला माहीत होतं. कुठली ते कळत नव्हतं, म्हणून मी सगळ्याच गाड्यांकडे बघून घेतलं. दोन तास. मग त्यांचे साहेब आले. वयाने आमच्या चिरंजीवांएवढे, चेहरा दमलेला. त्यांनी पासपोर्ट हातात घेतला, पान उजेडात धरलं आणि विचारलं, आजी, हे झालं कसं? मी खरं ते सांगितलं. तुमचा नियमही सांगितला. त्यांनी पासपोर्ट मिटला आणि म्हणाले, "आजी, आमच्याकडे यायला व्हिसा लागत नाही, पण माणूस तोच आहे एवढं तरी आम्हाला कळायला हवं ना." मी म्हटलं, साहेब, बाहेर गाडीत माझी नणंद बसली आहे, तिला आत बोलवा, ती ओळखेल. ते म्हणाले, दिसतं का तिला? तेव्हा मी पिशवी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा उत्तर आलं नाही, तारीख लिहून ठेवा. जाताना त्यांच्या शर्टाची कॉलर तेवढी सांगितली, उलट्या बाजूने आधी फिरवा म्हणजे टोकं वर वळत नाहीत. त्यांनी खरंच कॉलरला हात लावून पाहिला.

चिरंजीवांना पलीकडून परत बोलावलं. तो रागाने लाल. मी म्हटलं, आत्याला एवढा निरोप तरी दे. तो म्हणाला फोन लागत नाही. (लागत कसा नव्हता, त्याने बंद करून ठेवला होता, हॉलमध्ये फोन चालू ठेवायचा नाही हा आणखी एक नियम, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की परत आत घेत नाहीत हा त्याच्यावरचा.) एवढे कागद नेले होते, त्यांतला एकच कामाला आला, परतीचं तिकीट. त्याच बसने, त्याच खुर्चीवर. ड्रायव्हर म्हणाला, आजी, पर्यटन लवकर आटोपलं.

तर असं सगळं झालं. यात मला यायचं नव्हतं असं कुठे दिसतं ते दाखवून द्या. आता नवा पासपोर्ट काढायचा म्हणजे पुन्हा फोटो, पुन्हा फॉर्म, पुन्हा बोटं. त्या कचेरीतही बोटं उठेनात, तिथल्या माणसाने शेवटी सगळ्या बोटांवर तेल चोळून कसेबसे ठसे घेतले. तो म्हणाला आता येईल तेव्हा येईल. महिने लागतील, वर्षही लागेल, सांगता येत नाही. मला त्यातलं काही कळत नाही. तब्येतीला जपा, थंड पाणी पिऊ नका, लेकीवर ओरडू नका, ती तुमच्यापेक्षा शहाणी आहे. थोरांना नमस्कार म्हणायचा तर आता तुमच्याहून थोर कुणी उरलं नाही, तेव्हा तोही तुम्हीच ठेवून घ्या.

तुमचीच,
टेबलाच्या पलीकडच्या बाजूची

ता. क. एवढं सगळं सांगितलं ते ताकाला जाऊन भांडं लपवण्यासारखं झालं. माझं खरं मागणं एकच. माझी वाट बघत बसू नका. दुसऱ्या गुरुवारी मुकाट्याने डोळ्याचं ऑपरेशन करून या. तुम्हाला भीती वाटते हे मला ठाऊक आहे. एकच उरलाय, तोही गेला तर काय, म्हणून शेवटचं बघण्याची सोय करून ठेवताय. वन्सं, मी शेवटचं म्हणून कुणाला चेहरा दाखवायला येणार नाही. ऑपरेशनच्या आधी तर मुळीच नाही.

आणखी ता. क. सूनबाई म्हणते मी खोटं लिहिणार नाही, पत्राखाली माझं अक्षर आहे. तर खरं लिहिते. नवा पासपोर्ट परवाच आलाय. तो कपाटात आहे, कुलपात आहे, आणि कुलपाची किल्ली चिरंजीवांनी घेतली आहे, इस्त्रीपासून लांब राहावा म्हणून. तेव्हा येता येत नाही हे खरं नाही. येत नाही हे खरं. माझ्याकडे यायचं तर माझेही नियम आहेत. डॉक्टरचा ऑपरेशन झाल्याचा कागद, त्यावर तारीख, शिक्का आणि सही. तो फोनवर पाठवा, सूनबाई वाचेल, मग मी बसमध्ये चढेन. व्हिसा लागत नाही, पण हे लागतं. तुम्हीच घातलेला पीळ आहे, तुमच्याच माणसाने धरलाय.

सगळ्यात शेवटचा ता. क., हा भाचीसाठी. पोरी, हे मोठ्याने वाचू नकोस, पत्र संपलं असं सांग आणि खोकल्यासारखं कर. मी त्या दुसऱ्या गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसने येते आहे, तुझी आई हो म्हणाली तरी आणि नाही म्हणाली तरी. चिरंजीवांना तिकीट काढायला लावलंय. तिला आत नेतील तेव्हा मी बाहेरच्या बाकावर असेन, पण तिला सांगायचं नाही, नाहीतर ती आत जायच्या आधी डोळे फाडून बघायला लागेल आणि मग म्हणेल, आता झालं, चला घरी. डॉक्टर म्हणतात पट्टी दुसऱ्या दिवशी सोडतात. पट्टी सुटेपर्यंत मी खोलीत बसेन, एक शब्द बोलणार नाही, आणि सुटली की पहिल्यांदा काय दिसतं ते तिचं तिला कळेल. नाहीच दिसलं, तरी मी तिथेच आहे, हात पुढे करून चाचपेल तेव्हा लागेन. एवढंच की एक अख्खा दिवस गप्प राहणं मला जमेल का, याची मला तिच्या डोळ्यापेक्षा जास्त काळजी आहे.